चारचाकीच्या पक्क्या परवान्याची चाचणी : ट्रॅकवर नापास होणारा खरोखरच वाईट चालक असतो का?

निशिगंधा

माझी पुतणी नुकतीच चारचाकीच्या पक्क्या परवान्याच्या चाचणीत नापास झाली. आठचा आकडा तिने व्यवस्थित काढला, मात्र चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे सरकली आणि रिव्हर्समध्ये मागचे चाक रेषेला लागले. निकाल संगणकाने दिला असल्यामुळे वाद घालायला समोर कोणी नव्हते.

मला खटकते ते असे की, हीच मुलगी ‘एल’ची पाटी लावून, मला शेजारी बसवून, सिंहगड रस्त्यावरच्या संध्याकाळच्या गर्दीतून गाडी नीट चालवते, रिक्षा मध्ये घुसली तरी गांगरत नाही आणि झेब्रा पट्ट्यांपाशी आपणहून थांबते. याउलट माझ्या दिरांना पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका मोकळ्या मैदानावर गाडी थोडी पुढे आणि थोडी मागे घेऊन परवाना मिळाला आणि त्यांच्या शेजारी बसताना आम्ही सगळे देवाचे नाव घेतो. मग ही चाचणी नेमके काय तपासते? आणि दुसरे, जास्त निकडीचे विचारायचे ते हे की, पुढच्या चाचणीआधी तिने कशाचा आणि कसा सराव करावा? ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांचे म्हणणे ‘रस्त्यावर चालवते ना, मग झाले’ असे आहे.

तिसरी_घंटा

दीर हा धागा वाचत नसावेत, असे गृहीत धरतो.

सातारकर_काका

मी त्या मैदानावरच्या पिढीतला आहे, म्हणून आधी आमची बाजू मांडतो. आमच्या वेळी मोटार वाहन निरीक्षक शेजारी बसत, हात बाहेर काढून इशारे करायला लावत आणि मध्येच ‘थांबवा’ म्हणत. साहेब कडक असले तर घाम फुटे आणि नसले तर गाडीतून उतरायच्या आतच कागदावर सही झालेली असे. कोणता साहेब वाट्याला येतो यावर सगळे अवलंबून होते, आणि शिफारस घेऊन आलेल्या उमेदवाराच्या वाट्याला नेहमी मवाळच साहेब येत, हाही काही योगायोग नव्हता.

त्यामुळे ट्रॅकवरच्या यंत्राला नावे ठेवायला माझा विरोध आहे. तुमची पुतणी कोणाची कोण, हे त्या संगणकाला ठाऊक नाही. चढावर गाडी मागे सरकली म्हणजे सरकली. आमच्याकडे यवतेश्वराचा घाट चढताना पुढची एस.टी. थांबली आणि तुमची गाडी मागे सरकली, तर मागच्या दुचाकीवाल्याला तुमचे झेब्रा पट्टीवरचे सौजन्य काय कामाचे?

कलमवाली

चर्चा पुढे जाण्यापूर्वी कायद्यातील तरतुदी सांगते, कारण निशिगंधाताईंना त्या लगेच लागणार आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ९ नुसार नापास झालेल्या उमेदवाराला सात दिवसांनंतर पुन्हा चाचणी देता येते. तीनदा देऊनही उत्तीर्ण न झाल्यास शेवटच्या चाचणीपासून साठ दिवस थांबावे लागते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्यात उपचारात्मक प्रशिक्षणाची अटही घातली आहे. कच्चा परवाना सहा महिन्यांसाठी वैध असतो आणि तो मिळाल्यावर तीस दिवसांच्या आत पक्क्यासाठी चाचणी देता येत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात हाती असतात ते मधले पाच महिने. पुतणीच्या कच्च्या परवान्यावरची अंतिम तारीख आजच पाहून घ्या. फेरचाचणीलाही प्रत्येक वर्गाच्या वाहनामागे ३०० रुपये शुल्क पुन्हा भरावे लागते.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १५ मुळातून वाचला, तर तिथे चाचणीची कल्पना फार व्यापक आहे. आरसा नीट लावणे, वळण्याआधी तो पाहून मगच इशारा देणे, चौक ओलांडताना इतर वाहनांचा अंदाज घेणे, योग्य जागी ओव्हरटेक करणे, ओलांडणाऱ्या पादचाऱ्यांची दखल घेणे, अचानक थांबता येणे आणि मागे घेत घेत अरुंद जागेत गाडी ताब्यात ठेवून नेणे, हे सगळे त्यात आहे. रेषा आणि चढ हा त्यातला एक भाग झाला. ट्रॅकवर जे मोजता येते तेच मोजले जाते, आणि चौकात नजर कुठे होती हे रेषेवरच्या सेन्सरला कळत नाही. माझ्या मते निशिगंधाताईंच्या तक्रारीत तेवढे तथ्य निश्चित आहे.

क्लचप्लेट

माझे स्वतःचे ड्रायव्हिंग स्कूल आहे, त्यामुळे आमच्या व्यवसायाची लाज राखून, पण खरे तेच लिहितो.

आमच्याकडे येणारा बहुतेक ग्राहक दिवसांच्या किंवा किलोमीटरच्या हिशेबाने पैसे भरतो. एका गाडीवर सकाळी सहापासून पाठोपाठ शिकाऊ उमेदवार असतात आणि एकाला सोडायच्या ठिकाणी दुसरा उभा असतो, त्यामुळे गाडी सरळ रस्त्यावरून पुढे जात राहणे शाळेच्या सोयीचे असते. कोपऱ्यात थांबवून अर्धा तास रिव्हर्स शिकवणे सोयीचे नसते, कारण किलोमीटर वाढत नाहीत, क्लच मात्र जळतो. दुसरे म्हणजे शाळेच्या गाडीला शिक्षकाच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. चढावर विद्यार्थ्याने क्लच घाईने सोडला, तर गाडी बंद पडू नये म्हणून शिक्षक सवयीने आपला पाय दाबतो. विद्यार्थ्याला वाटते, आपल्याला जमले. महिनाभर दोघांनी मिळून चालवलेली गाडी तो ट्रॅकवर प्रथमच एकट्याने चालवतो.

तिसरी गोष्ट टिकलीची. अनेक शाळांच्या गाड्यांच्या मागच्या काचेवर टिकली किंवा टेपचा तुकडा चिकटवलेला असतो. ‘खांब टिकलीच्या रेषेत आला की स्टिअरिंग पूर्ण फिरव’, असे पाठ करून घेतले जाते. त्या गाडीत, त्या खांबांमध्ये ते हमखास जमते. सीट दोन इंच पुढे-मागे झाली किंवा चालक उंचीने वेगळा असला, की टिकली चुकीच्या जागी जाते.

उपाय सांगतो. चढाच्या सरावासाठी वर्दळ नसलेला, फार तीव्र नसलेला चढ शोधावा, मागे वाहन नाही याची खात्री करावी आणि शेजारी परवानाधारक जाणती व्यक्ती असावी. हँडब्रेक ओढून, पहिला गिअर टाकून क्लच अगदी सावकाश वर येऊ द्यावा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज दबतो आणि बॉनेटचे नाक किंचित वर उचलल्यासारखे होते. तिथे डावा पाय गोठवायचा. मग थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा आणि त्यानंतरच हँडब्रेक सोडायचा. हा क्रम न चुकता शांतपणे होऊ लागला, की चढाची भीती जाते. नवीन गाड्यांमध्ये चढावर ब्रेक काही क्षण आपोआप धरून ठेवणारी सोय असते. घरच्या अशा गाडीवर सराव करून शाळेच्या जुन्या गाडीवर चाचणी दिली, तर गाडी मागे सरकणारच. पुतणीचे नेमके असेच झाले नाही ना, ते विचारा.

निशिगंधा

क्लचप्लेट, घरची गाडी नवी आहे आणि तिच्यात ती सोय आहे, चाचणी मात्र शाळेच्या गाडीवर झाली. टिकलीबद्दल विचारले, तर पुतणी हसायलाच लागली. मागच्या काचेवर लाल टिकली होती आणि तिला ‘हनुमान’ असे नावही होते, कारण संकटसमयी तिच्याकडेच पाहायचे असे शिक्षक सांगत.

तिसरी_घंटा

हनुमानाने समुद्र ओलांडला, पण रिव्हर्समध्ये नाही.

लंडनस्थ_मालवणी

भारतातला परवाना इथे रहिवासी झाल्यापासून बारा महिनेच चालतो, त्यानंतर ब्रिटनचा परवाना चाचणी देऊनच घ्यावा लागतो आणि भारतातल्या अनुभवाची कोणतीही सूट मिळत नाही. सुरुवातीला वीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचून दाखवावी लागते, तिथेच चुकले तर गाडी सुरूही होत नाही. नंतर सुमारे चाळीस मिनिटे खऱ्या रस्त्यावर, खऱ्या वाहतुकीत गाडी चालवायची आणि त्यातला बराच वेळ परीक्षक वळणे सांगत नाही, आपणच दिशादर्शक यंत्र (सॅटनॅव्ह) पाहून किंवा पाट्या वाचून जायचे. किरकोळ चुका पंधरापर्यंत माफ असतात, परंतु गंभीर किंवा धोकादायक चूक एकही चालत नाही.

आपल्याकडे वर्षानुवर्षे गाडी चालवलेली माणसे इथे नापास होतात ती गाडी चालवता येत नाही म्हणून नव्हे. लेन बदलताना आरसा पाहिला नाही, किंवा पाहिला पण परीक्षकाला दिसेल असा पाहिला नाही, राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्यासाठी थांबले नाही, अशी कारणे असतात. उलटही होते. जाण्यासारखी मोकळी जागा असताना कोणी भीतीने थांबून राहिला, तर तो विनाकारण संकोचही चूक धरला जातो. माझ्या मालवणातल्या चुलत्यांना हे सांगितले, तेव्हा ‘जागा मिळूनही न घुसणारा माणूस नापास होणारच’ असे म्हणून त्यांनी ब्रिटिश सरकारचे अभिनंदन केले. कलमवाली म्हणतात ते नजरेचे परीक्षण इथे रस्त्यावर होते.

आमराई

लंडनचे उदाहरण ऐकायला बरे वाटते, पण आमच्या तालुक्याच्या गावी परिवहन कार्यालयाचा महिन्यातून ठरावीक दिवशी कॅम्प लागतो, एकाच दिवसात दुचाकी, चारचाकी, ट्रॅक्टर असे सगळे उमेदवार येतात आणि निरीक्षक मोजकेच. प्रत्येकाला चाळीस मिनिटे रस्त्यावर फिरवायचे ठरवले, तर आज अर्ज केलेल्या मुलाचा नंबर लागेपर्यंत त्याचे लग्न होईल. शिवाय रस्त्यावरची चाचणी म्हणजे पुन्हा माणसाचे मत आले, आणि काका म्हणतात तो मवाळ साहेबही मागोमाग आला.

सडेतोड

यंत्र आले म्हणून एजंट गेले, असे कोणी समजू नये. एका कार्यालयाबाहेर (गाव सांगत नाही) मला एका गृहस्थाने ट्रॅकच्या भिंतीकडे बोट दाखवून शांतपणे सांगितले की, आत कॅमेरा आहे खरा, पण कॅमेऱ्यासमोर जाण्याचा मुहूर्त आमच्याकडून घ्या. मी घेतला नाही, रांगेत उभा राहिलो आणि पास झालो. बाकी मला चाचणीविषयी तक्रार नाही. उन्हातल्या रांगेविषयी मात्र आहे, कारण गाडीत बसेपर्यंत माणसाच्या हातापायातले त्राण गेलेले असते आणि नेमके त्याच वेळी त्याला क्लच अलगद सोडायचा असतो.

एक शंका आहे. ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र असले की आता आरटीओची चाचणी द्यावीच लागत नाही, असा निरोप आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होता. ते खरे का?

कलमवाली

अर्धवट खरे आहे, आणि म्हणूनच त्याने जास्त गोंधळ होतो. २०२१ च्या जुलैपासून अधिमान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची तरतूद लागू झाली. अशा केंद्रातून हलक्या मोटार वाहनाचे प्रशिक्षण पूर्ण करून तिथली चाचणी उत्तीर्ण झालेल्याला परिवहन कार्यालयाची चाचणी माफ होऊ शकते. त्या केंद्रासाठी जागा, सिम्युलेटर, चाचणी मार्ग अशा बऱ्याच अटी आहेत आणि हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम चार आठवड्यांत एकूण २९ तासांचा असून त्यातले २१ तास प्रात्यक्षिकाचे आहेत. गल्लीतल्या नेहमीच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या प्रमाणपत्राला ही सवलत नाही. २०२४ च्या जूनमध्ये ‘आता आरटीओची चाचणी बंद’ अशा बातम्या पसरल्या, तेव्हा नियमांत काहीही बदल झालेला नाही, असा खुलासा केंद्रीय मंत्रालयालाच करावा लागला होता.

क्लचप्लेट

तो खुलासा छापून मी काउंटरवर लावला होता. तरी रोज एक जण विचारायचा.

मुक्ता_म्युनिक

सातारकर काकांच्या ‘कोणता साहेब’ या मुद्द्यावर जर्मनीचा अनुभव. इथेही परीक्षक माणूसच असतो, पण तो मागच्या सीटवर बसतो आणि शेजारी आपलाच शिक्षक असतो. शिक्षकाच्या पायाशी पेडल आहेत, मात्र चाचणीत चूक सावरण्यासाठी त्याने ते दाबले की उमेदवार नापास. क्लचप्लेट यांनी सांगितलेला सवयीचा पाय इथे फारच महागात पडतो!

भारतीय परवाना इथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच चालतो आणि पुढे लेखी व प्रात्यक्षिक अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. माझी सगळी शक्ती दोन सवयी लावून घेण्यात गेली. पहिली म्हणजे, पाटी किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देणे, मग तो कितीही बारक्या गल्लीतून येत असो. दुसरी, वळण्यापूर्वी किंवा लेन बदलण्यापूर्वी आरशांवर न विसंबता मान फिरवून खांद्यावरून मागे पाहणे. पुण्यात मी असे मान फिरवून पाहायला लागले, तर शेजारची दुचाकी त्या निमिषार्धात बॉनेटवर असेल, ही गोष्ट वेगळी.

सायलेन्सर

एक बाळबोध प्रश्न. क्लच आणि चढाचाच एवढा त्रास असेल, तर सरळ ऑटोमॅटिक गाडीवर चाचणी देता येणार नाही का?

कलमवाली

दुचाकीच्या परवान्यात गिअर असलेली आणि नसलेली असे दोन वेगळे वर्ग आहेत, त्यामुळे स्कूटरवर चाचणी देऊन मोटरसायकल चालवता येत नाही. हलक्या मोटार वाहनाच्या वर्गात तसा भेद केलेला नाही. तरीही चाचणीच्या ठिकाणी कोणती गाडी चालेल, ते आधी विचारून जावे.

लंडनस्थ_मालवणी

ब्रिटनमध्ये हा भेद आहे. ऑटोमॅटिकवर उत्तीर्ण झालेल्याला क्लचची गाडी चालवता येत नाही.

एकपाऊल

मी सहसा वाचनमात्र असतो, पण ऑटोमॅटिकचा विषय निघाला म्हणून लिहितो. लहानपणीच्या पोलिओमुळे माझा डावा पाय क्लच दाबू शकत नाही. माझ्यासारख्यांना फेरफार केलेल्या गाडीवर चाचणी देता येते, मात्र तो फेरफार गाडीच्या नोंदणी पुस्तकात रीतसर नोंदलेला असावा लागतो. माझ्या गाडीत क्लचचे काम हाताने होते. चाचणीच्या दिवशी निरीक्षकांनी आधी गाडीभोवती एक फेरी मारली, तो दांडा स्वतः दाबून पाहिला आणि मग इतरांपेक्षा मला जास्त वेळ रिव्हर्स घ्यायला लावले. मला त्याचा राग आला नाही. कारण मी एकदा रस्त्यावर उतरलो की मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला माझ्या पायाचे काही माहीत नसते. म्हणून ‘रस्त्यावर चालवते ना, मग झाले’ या वाक्याशी मी सहमत नाही. गाडी हवी तिथे आणि हवी तेवढीच हलवता येणे ही पहिली पायरी आहे, आणि ती कोणालाच माफ होऊ नये.

सातारकर_काका

एकपाऊल, आपण माझे म्हणणे माझ्यापेक्षा नीट मांडलेत. कलमवाली यांच्या प्रतिसादानंतर मीही थोडा मागे सरकतो (चढावर नव्हे). ट्रॅक आवश्यक आहे, पण पुरेसा नाही, एवढे मला मान्य आहे. ट्रॅक उत्तीर्ण झालेल्यालाच पुढे थोडा वेळ रस्त्यावर न्यावे आणि ज्यांच्याकडे रस्त्यावरची समज आहे, पण रेषेला चाक लागले, त्यांना फक्त तेवढ्याच भागाची फेरचाचणी द्यावी. आमराईंचा वेळेचा आक्षेप रास्त आहे, तरी ट्रॅकवर गळणारे आधीच गळल्यामुळे रस्त्यावरची संख्या कमी होईल.

आमराई

काका, आमच्याकडे ट्रॅकच नाही, मैदान आहे. आधी ते सपाट करून द्या, मग गळतीचे पाहू.

क्लचप्लेट

निशिगंधाताई, रिव्हर्सचे राहिले होते. पुतणीला टिकली नसलेल्या गाडीत बसवा. मोकळ्या पार्किंगमध्ये जमिनीवर खडूने गाडीपेक्षा थोडी मोठी चौकट आखा आणि दोन्ही बाजूंच्या आरशांत मागचे चाक व खडूची रेषा यांच्यातले अंतर दिसेल असे आरसे लावून घ्या. गाडी अर्ध्या क्लचवर मुंगीच्या पावलाने मागे घ्यायची आणि स्टिअरिंग गाडी हलत असतानाच फिरवायचे. मागचे चाक रेषेकडे सरकताना डोळ्यांना दिसले पाहिजे, म्हणजे शरीर आपोआप दुरुस्ती करते. चौकट जमली की ती थोडी अरुंद करा. चाचणीच्या आदल्या दिवशी मात्र काही नवे शिकवू नका. आणि चाचणी ज्या गाडीवर द्यायची, त्या गाडीवर आधी एक-दोन तास चालवायला मिळावे, असा शाळेकडे आग्रह धरा. पैसे भरले आहेत, तो तुमचा हक्क आहे.

निशिगंधा

सगळ्यांचे आभार. कच्च्या परवान्याची मुदत पाहिली, अजून पुरेसे दिवस आहेत. सारथी पोर्टलवर फेरचाचणीची वेळ घेतली आणि शुल्कही भरले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काल खडूची चौकट आखली, तर वॉचमनने ती रांगोळी समजून गाड्या बाजूने वळवल्या, त्यामुळे सरावाला जागा आयतीच मिळाली. दीर स्वतःहून खाली आले आणि ‘सरक, मी दाखवतो’ म्हणाले. त्यांचे चाक दोन्ही रेषांना लागले. जाताना सोबत कोणते कागद न्यावेत, ते कोणी सांगेल का?

कलमवाली

मूळ कच्चा परवाना, शुल्काची पावती, चाचणीच्या वेळेची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र. गाडीचे नोंदणी पुस्तक, विमा आणि पीयूसी चालू मुदतीचे असल्याची खात्री शाळेकडून आदल्या दिवशीच करून घ्या, कारण पीयूसी संपलेली असल्यास चाचणीआधीच परत पाठवले जाऊ शकते. पुढे-मागे ‘एल’ची पाटी असावी.

तिसरी_घंटा

आणि दिरांसाठीही एक अर्ज.